आळशी बॅज

त्या सोमवारपर्यंत मला आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटली होती, पालीची आणि स्टेजची. पाल अजून आहे. स्टेजचं भूत गेल्या वर्षी उतरलं. त्याआधी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा मला घाम फुटायचा. मग एक मुलगी आयत्या वेळी आजारी पडली म्हणून बाईंनी मला वादविवाद स्पर्धेत ढकललं, आणि मी चक्क बोलले. चक्क पहिली आले. तेव्हापासून माझं तोंड जे सुटलं ते आजतागायत. दुकानदाराशी, बस कंडक्टरशी, लिफ्टमधल्या अनोळखी काकूंशी, मी कुणाशीही कशावरही बोलू शकते. मावशीने माझं नाव ‘माईक’ ठेवलं ते तेव्हाच.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमच्यापासून दोन स्टॉपवर राहते आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथे पेशंटच्या हातातल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवतात आणि ती कुठे पोचली ते एक्स-रेवर बघत राहतात. बघत राहतात म्हणजे एक्स-रे चालूच राहतो. म्हणून तिथले सगळे शिशाचे जड एप्रन घालतात आणि छातीवर एक बॅज लावतात. तो बॅज तीन महिने गुपचूप किरण साठवतो. मग पाकिटात बंद होऊन सरकारी कार्यालयात जातो, तिथे तो वाचला जातो, आणि कुणाला किती डोस मिळाला ते कागदावर छापून हॉस्पिटलला परत येतं.

तो कागद सही करून पाठवते माझी आई.

आई बॅज विभागाची प्रमुख. वर त्या वर्षी ती आराखडा समितीची सचिवही होती. पुढची पाच वर्षं सरकारने रेडिएशनपासून माणसांना वाचवण्यासाठी कशाकशावर संशोधन करायचं, हे ती समिती ठरवणार होती. विषय आले होते चौतीस, घ्यायचे होते अकरा. आईची पद्धत अशी की एक विषय, एक पुठ्ठ्याचं कार्ड, आणि सगळी कार्डं आमच्या जेवणाच्या टेबलावर. बाबा दौऱ्यावर होते म्हणून वाचले. आम्ही दोघी पंधरा दिवस मांडीवर ताट घेऊन जेवत होतो आणि कार्डं उडतील म्हणून पंख्याला हात लावायची सोय नव्हती. घ्यायच्या विषयावर हिरवा ठिपका, वगळायच्या विषयावर लाल. बिनठिपक्याची कार्डं आई सकाळ-संध्याकाळ इकडून तिकडे सरकवायची, पत्त्यांचा डाव लागत नसल्यासारखी.

कार्यालयातला टायपिस्ट रजेवर होता आणि मला शाळेची सुट्टी होती. म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं. टाइप करता करता मी प्रश्न विचारायची आणि आई उत्तर द्यायची, कधी नीट, कधी नुसतं “हं” म्हणून. त्यातूनच मला आळशी बॅज कळला.

प्रत्येक हॉस्पिटलच्या पाकिटात एक जास्तीचा बॅज असतो. तो कुणी लावायचा नाही, नुसता टांगून ठेवायचा. थोडेफार किरण जमिनीतून, आकाशातून, विटांमधून सगळीकडे येतच असतात. ते किती येतात हे तो टांगलेला बॅज सांगतो, आणि तेवढा आकडा बाकी सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचा. म्हणजे उरतो तो निव्वळ कामाचा डोस. ऑफिसात त्याला कंट्रोल बॅज म्हणतात. मी त्याला आळशी म्हणायला लागले, कारण लोक मरमर काम करतात आणि हा खुंटीला लटकून पगार घेतो. आईला ते इतकं आवडलं की तीही फोनवर बोलताना एकदा “त्यांचा आळशी पोचला का” असं म्हणून गेली.

वजा करताना कधी उणे आकडा यायचा. पूर्वी तो तसाच छापला जायचा आणि हॉस्पिटलांतून फोन यायचे, की उणे डोस म्हणजे काय, आमच्या अंगातून किरण बाहेर पडले की काय. आई वैतागली आणि तीन वर्षांपूर्वी तिने एक परिपत्रक काढलं: उणे आल्यास शून्य लिहावे. फोन बंद झाले.

मी मावशीच्या हॉस्पिटलचं पान टाइप केलं तेव्हा त्यावर चौदा माणसं होती आणि शून्यांची नुसती रांग. मला काय आनंद झाला होता. मावशीची रांग मी दोनदा पाहिली. शून्य, शून्य, शून्य. तिचा कर्मचारी क्रमांक नऊ.

आनंद होण्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. मावशीला दिवस गेले होते. तिसरा महिना चालू होता. याआधी दोनदा तिला दिवस राहून गर्भ पडला होता, म्हणून या वेळी तिने आईलाही सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही. बहुतेक त्या दिवशी तिच्याजवळ मीच होते आणि तिला ते पोटात ठेवणं अशक्य झालं असावं. कामावर सांगितलं की लगेच कॅथ लॅबमधून उचलून कागदपत्रांच्या खोलीत बसवतात, आणि मावशीला ते नको होतं. तिचं म्हणणं असं की माझा बॅज तीन वर्षं शून्य आहे, तुझ्या आईची सही आहे त्यावर, मग घाई कशाला, चौथा लागला की सांगते. मी शपथ घेतली. माईक बंद राहील म्हणाले.

आता सोमवार.

मावशी सकाळी आमच्याकडे येऊन गेली आणि चष्मा विसरली. चष्म्याशिवाय तिला मॉनिटरवरची बारीक नळी दिसत नाही. म्हणून मी बस पकडून हॉस्पिटलला गेले. तळमजल्यावर लांब कॉरिडॉर आहे. एका टोकाला कॅथ लॅब, मध्ये सीटी स्कॅनची खोली, दारावर लाल दिवा. सीटीच्या दाराच्या अलीकडे भिंतीवर एक लाकडी बोर्ड होता, त्यावर पंधरा हूक आणि खाली नंबरांच्या चिठ्ठ्या. ड्यूटी संपली की सगळे आपापला बॅज इथे टांगून घरी जातात. आता सगळे कामावर होते, म्हणून चौदा हूक रिकामे. शेवटच्या हुकावर एकटा आळशी लटकत होता.

मला जुना ओळखीचा भेटल्यासारखं झालं. मी त्याला टिचकी मारली. काय रे, आज तरी काही काम केलंस का, असं मी म्हणाले, आणि बाकावर बसलेला एक म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. मावशी बाहेर यायला वेळ होता. मी बोर्डाच्या बाजूला भिंतीला टेकले आणि उगाच बोटांनी ताल धरला. टक, टक, टक. मग बोटं बोर्डाच्या कडेला पोचली आणि आवाज बदलला. डब, डब.

मी बोर्ड जरा उचलून पाहिला. मागे टीव्हीच्या खोक्याएवढा चौकोन होता, प्लायवूडचा, वरून भिंतीचाच रंग फासलेला. कधीतरी तिथे एसी असणार. तो काढल्यावर भोक प्लायने बुजवलं आणि डाग दिसू नये म्हणून त्यावर बोर्ड टांगला. मला हसू आलं. तेवढ्यात शेजारच्या दारावरचा लाल दिवा लागला आणि प्लायच्या पलीकडे घूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

मावशी आली, चष्मा घेतला, माझ्या गालावर चापटी मारली आणि म्हणाली, “भिंतीशीपण बोलतेस का आता, माईक?” मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही. ती परत आत गेली. चालताना तिचा एक हात एप्रनच्या वरून पोटावर होता, आणि ते फक्त मला समजत होतं.

बसमध्ये बसल्यावर मी ते पुन्हा मनात आणलं. गंमत म्हणूनच आणलं होतं, आईला सांगायला किस्सा म्हणून. सीटी म्हणजे एक्स-रेच. प्लायवूड म्हणजे काहीच नाही, पडदा. म्हणजे त्या भोकातून जे झिरपतं ते बोर्डावर पडतं. सीटी दिवसा चालतो. दिवसा बोर्डावर कोण असतं? सगळे बॅज माणसांच्या छातीवर. बोर्डावर असतो तो एकटा आळशी.

समजा, मावशीच्या बॅजने पाच साठवले. आळशीने सात. पाचातून सात गेले, उणे दोन.

उणे आल्यास शून्य लिहावे.

माझे हातपाय गार पडले. हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरोखर बोटं गार पडली आणि तिकीट हातातून खाली गेलं.   मी माझा स्टॉप चुकले. पुढच्या स्टॉपवर उतरून चालत परत आले आणि सगळ्या वाटेत एकच विचार करत होते, की मी चुकले असेन. मी नववीतली मुलगी. आई वीस वर्षं हेच करते. माझं काहीतरी नक्की चुकलंय. देवा, माझं चुकलेलं असू दे.

आई संध्याकाळी आली, हात-पाय धुऊन टेबलाशी बसली आणि कार्डं सरकवायला लागली. गुरुवारी समितीची बैठक होती. मी समोर बसून तोंड उघडायची आणि मिटायची.  सांगितलं तर तीन वर्षांच्या सगळ्या कागदांवर आईच्या सह्या. परिपत्रकही तिचं. तिला काय करतील, काढून टाकतील का? आणि नाही सांगितलं तर मावशी. उद्या सकाळी आठला मावशी पुन्हा तिथे उभी राहणार. आणि सांगायचं म्हटलं तर शपथही मोडायची. 

आईने कार्ड एकोणीस उचललं. ‘हॉस्पिटल कर्मचारी: थोडा डोस, अनेक वर्षं. तब्येतीवर परिणाम.’ तिने माझ्या टाइप केलेल्या पानाकडे एक नजर टाकली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली की यांचे डोस तर शून्यच आहेत, यावर काय संशोधन करायचं. आणि लाल पेनचं टोपण काढलं.

“आई, ठिपका देऊ नकोस,” मी म्हणाले.

मग मी सांगितलं. वादविवादात मी मुद्दे कसे छान एकामागून एक मांडते. त्या दिवशी सगळं उलटसुलट झालं, आधी प्लायवूड, मग टिचकी, मग चष्मा. आईने आधी मला समजावलं. अगं, बोर्ड लावण्याची जागा तपासलेली असते, नियम आहे तसा, वगैरे. तिचा आवाज इतका शांत होता की मला रडू यायला लागलं, सुटकेचं. मग तिने विचारलं, “बोर्ड पूर्वी पायऱ्यांजवळ होता ना?” मी म्हणाले, आता नाही. तिने विचारलं सीटी कधी बसवला. मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. तीन वर्षं झाली होती.

तिने लाल पेनला टोपण लावलं. टोपण बसेना, म्हणून दोनदा लावलं.

“आणि मावशीला दिवस गेलेत,” मी म्हणाले.

 मला वाटलं, ती रागावेल, रडेल, निदान फोन तरी उचलेल. ती कार्ड एकोणीस हातात धरून नुसती बसून राहिली. माझी आई भूकंपाचा धक्का बसला तेव्हाही आधी गॅस बंद करून मग खाली उतरली होती. तिला असं बघितल्यावर मी जी घाबरले, तशी बसमध्येही घाबरले नव्हते. मोठी माणसं घाबरली की आपल्याला धरायला काहीच उरत नाही.

मग तिने मावशीला फोन लावला आणि एवढंच सांगितलं की उद्या मी येईपर्यंत आत जाऊ नकोस, कारण विचारू नकोस.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी हॉस्पिटलला गेलो. आईने ऑफिसातून सर्व्हे मीटर घेतला होता. तो दिसायला जुन्या रेडिओसारखा, वर मूठ, पुढे काटा, आणि किरण पकडले की टिकटिक करतो. पायऱ्यांजवळ तो सुस्त होता. टिक. बऱ्याच वेळाने टिक. बोर्डाजवळही तसाच. माझा जीव भांड्यात पडला. दोन मिनिटं पडला असेल. मग लाल दिवा लागला, आणि मीटरने जो आवाज सुरू केला तो तव्यावर फुटाणे टाकल्यासारखा. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. आईने मीटर माझ्या हातात दिला आणि स्वतःचा तळहात त्या प्लायवर ठेवला, जणू हाताने ते थांबणार होतं.

मावशी टोकाला उभी होती, एप्रन न घालता. तिने मीटरचा आवाज ऐकला, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या.

“माईक चालू राहिला वाटतं,” ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती रागावली नव्हती. ती हसायचा प्रयत्न करत होती आणि तिचे ओठ तिचं ऐकत नव्हते.

आईने तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या प्रमुखांना गाठलं. भोकावर शिशाचा पत्रा बसेपर्यंत सीटी बंद, त्या कॉरिडॉरमधले बाक हलवा, बोर्ड परत पायऱ्यांजवळ. प्रमुखांनी विचारलं की आमचे रिपोर्ट तर सगळे शून्य आहेत ना. आई म्हणाली, ते शून्य मीच लिहिलेत, आणि ते खोटे आहेत. माझ्या देखत म्हणाली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं.

बुधवारी दुपारी आमच्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा करून बाजूला ठेवला आणि आम्ही गणित करायला बसलो. वजा करण्याआधीचे कच्चे आकडे कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेले असतात, हे नशीब. आईने आळशीचा खोटा आकडा काढून शेजारच्या दवाखान्यातल्या चांगल्या आळशीचा घेतला. ती आकडे सांगायची, मी वजाबाकी करायची, ती तपासायची. मावशी टेबलाच्या टोकाला बसून आमच्या हातांकडे बघत होती. एकेका शून्याच्या जागी आकडा उमटत गेला. क्रमांक एक. क्रमांक दोन, ही नुकतीच रिटायर झाली म्हणे. क्रमांक पाच. मला नऊ नंबर यायलाच नको होता. आठ झाल्यावर मी पाणी प्यायला उठले, तेव्हा आई म्हणाली बस खाली, ती वाट बघतेय.

नऊ नंबरपुढे तीन वर्षांचे मिळून सहा पूर्णांक चार मिलिसीव्हर्ट, डोस त्यातच मोजतात. गेल्या तीन महिन्यांचा शून्य पूर्णांक सात.

“जास्त आहे?” मावशीने विचारलं.

“कायद्याच्या मर्यादेच्या आत आहे,” आई म्हणाली. “बरंच आत.”

“आत म्हणजे काही होणार नाही ना?”

आईने पेन्सिल खाली ठेवली. “आत म्हणजे आत. धोका फार कमी, असं मी सांगू शकते. काहीच होणार नाही असं लिहिलेला कागद माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही.”

“का नाही? इतकी वर्षं करता काय तुम्ही?”

आई उठली, गठ्ठ्यातून कार्ड एकोणीस काढलं आणि मावशीच्या पुढ्यात ठेवलं. मावशीने ते वाचलं. मागे उलटून पाहिलं, पुन्हा पुढून वाचलं. आई म्हणाली की गेल्या आराखड्यातही हा विषय आला होता आणि तेव्हाही डोस नगण्य म्हणून गेला. मावशीने कार्ड टेबलावर सरकवलं आणि तिला पहिल्यांदा रडू फुटलं. आई तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मला काय करावं कळेना.  मी पंखा लावला. कार्डं उडाली तरी कुणी काही म्हणालं नाही.

त्याच संध्याकाळी मावशी मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आकडा नीट लिहून घेतला, धीर दिला, म्हणाल्या, एप्रनच्या आत पोटापर्यंत पोचलेला डोस याहूनही कमी असणार. आणि तपासण्यांची यादी दिली. धीर आणि यादी एकाच कागदावर होते. कागद मावशीने पर्समध्ये ठेवला आणि बसमध्ये तीन वेळा काढून वाचला.

गुरुवारी बैठक. लांबट टेबल, अकरा माणसं, पाण्याच्या बाटल्या. टायपिस्ट अजून रजेवर, म्हणून कॉम्प्युटरवर स्लाइड पुढे सरकवायला मी कोपऱ्यात. अध्यक्षांना ऑफिसात सगळे ‘पूर्णविराम’ म्हणतात, कारण ते प्रत्येक चर्चेनंतर टेबलावर पेन ठेवून “झालं” म्हणतात, आणि मग खरंच झालेलं असतं. अठरा विषय असेच झाले. एकोणिसावा आला आणि ते कागद न बघताच म्हणाले की डोस शून्य, वगळा. झालं.

“झालं नाही,” आई म्हणाली.

ती उभी राहिली. तिने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि कागदाशिवाय बोलली. भोक, बोर्ड, कंट्रोल बॅज, परिपत्रक. परिपत्रक कुणी काढलं, तेही.  शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी ती स्लाइड लावली. चौदा रांगा. डाव्या बाजूला शून्य, उजव्या बाजूला खरे आकडे.

अध्यक्षांनी ती पाहिली. मग म्हणाले की वाईट झालं, पण ही दुरुस्तीची बाब आहे. भोक बुजवा, पत्रक मागे घ्या, चौकशी होईल ती होईल. त्यासाठी पाच वर्षांचं संशोधन कशाला? पुढची स्लाइड.

माझं बोट बटणावर होतं. ते एक साधं बटण, मऊ. सगळ्यांची डोकी पडद्याकडे. अध्यक्ष पुन्हा म्हणाले, पुढची स्लाइड. आणि मी दाबलं नाही. मला वाटलं, आता मला हाकलतील, आईला तर हाकलतीलच.  पण माझ्यासमोर नऊ नंबरची रांग होती, आणि ती पुढे गेली की गेली.

अध्यक्षांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आईनेही. तेवढ्या वेळात ती पुढचं वाक्य बोलली.

“ही चूक कुणी शोधली सांगते. एक बाई चष्मा विसरली म्हणून तिची भाची तिथे गेली आणि तिने भिंत वाजवली. आपल्याकडे आणखी बासष्ट बोर्ड आहेत, साहेब. त्यांच्या मागे काय आहे, मला माहीत नाही. आणि हे आकडे या माणसांचं काय करतात, तेही मला माहीत नाही. यातल्या नऊ नंबरने मला काल विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.”

टोकाला एक पांढऱ्या केसांच्या डॉक्टर बसल्या होत्या, सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “नऊ नंबर कोण आहे?”

“माझी धाकटी बहीण,” आई म्हणाली आणि खाली बसली.

अध्यक्षांनी पेन उचललं.  मग त्यांनी एकोणिसाव्या विषयापुढे काहीतरी लिहिलं आणि ‘झालं’ न म्हणताच मला हाताने खूण केली, की चल पुढे.

अकरा विषयांत तो सातवा आला. आईचं सचिवपद त्याच आठवड्यात गेलं आणि चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत तिने कुठलाही बॅज वाचायचा नाही, असा हुकूम आला. ती घरी आल्यावर टेबल पुसून काढत बसली, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि आम्ही बऱ्याच दिवसांनी ताटं टेबलावर ठेवली. मला वाटतं, ती घाबरलेली आहे. पण तिने परत एकदा मीटर घेऊन बाहेर पडायची परवानगी मागितली आहे, बासष्ट बोर्ड बघायला. उत्तर आलेलं नाही.

मावशी आता कागदपत्रांच्या खोलीत बसते आणि फायलींना शिव्या घालते. तिचा शेवटचा बॅज, तो सोमवारपर्यंतचा, तिने पाकिटात घालून माझ्याकडे दिला, म्हणाली, पोस्टाने नको, तू नेऊन दे. मी तो बसमध्ये दोन्ही हातांत धरून नेला. आईच्या ऑफिसातली खिडकी, आत आईच्या जागी दुसरी बाई. मी म्हणाले, मी थांबते. त्या म्हणाल्या, तास लागेल. मी थांबले.

कॉरिडॉरमध्ये बाक होता. मी बसले नाही. आधी त्याच्या मागची भिंत वाजवून पाहिली. टक, टक. मग बसले.

मी शून्याची वाट बघत नव्हते. शून्य आलं असतं तर मी त्या बाईंना दहा प्रश्न विचारले असते. तासाभराने त्यांनी चिठ्ठी सरकवली. शून्य पूर्णांक दोन, खाली त्यांची सही, आणि खाली बारीक अक्षरात, न विचारता लिहिलेलं: ‘कंट्रोल तपासला.’

मी तिथूनच मावशीला फोन लावला. तिने दुसऱ्या रिंगलाच उचलला. मी आकडा सांगितला. सावकाश, एकदाच, मध्ये दुसरं काही न घालता.